विचार होण्याचा हक्क

पदोन्नतीचा आदेश निघाला की कार्यालयात पेढे येतात, आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या टेबलावर कोणीतरी आदेशाची यादी दुसऱ्यांदा वाचत असतो. पूर्वी ही यादी सायक्लोस्टाइल होऊन टपालातून यायची, आता ती पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येते. वाचणाऱ्याचा ज्येष्ठता क्रमांक 40 असतो आणि यादीत 39 नंतर थेट 41 असतो. तो पेढा घेतो, अभिनंदनही करतो. कालपर्यंत ज्याला ‘अरे’ म्हणायचा त्याला उद्यापासून ‘साहेब’ म्हणायचं आहे, हे गिळायला मात्र पेढ्यापेक्षा वेळ लागतो.

असा माणूस वकिलाकडे येतो तेव्हा पगारातल्या फरकाचा हिशेब सहसा दुसऱ्या बैठकीत निघतो. पहिल्या बैठकीत तो एवढंच विचारतो : माझ्यात काय कमी होतं, तेवढं मला सांगायला नको का? सेवाविषयक कायद्याची ही शाखा या एका प्रश्नाभोवती वाढली आहे. हे पुस्तक तिची ओळख करून देतं, म्हणून आत शिरण्याआधी तिचा आवाका पाहून घेऊ.

कायद्याचं पहिलं उत्तर ऐकून नवखा माणूस हिरमुसतो. पदोन्नती हा हक्क नाही. पदोन्नतीसाठी विचार होणं हा हक्क आहे. 1968 साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने डावललेल्या कर्मचाऱ्यांना पदोन्नती द्या, असा थेट आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो दुरुस्त केला : सरकारला ‘विचार करा’ असं सांगता येईल, निवडीच्या खुर्चीत न्यायालयाने स्वतः बसायचं नाही. पुढे 1999 मध्ये अजित सिंग प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुसरी बाजू तितक्याच ठामपणे मांडली. पात्र असलेल्या आणि विचारक्षेत्रात, म्हणजे ज्यांची नावं तपासायची त्या यादीत, येणाऱ्या कर्मचाऱ्याचा विचारच झाला नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 16 मधल्या समान संधीच्या मूलभूत हक्काचा तो भंग ठरतो. या दोन निर्णयांच्या मधल्या पट्ट्यात हा सगळा कायदा नांदतो. ‘विचार’ हा शब्द दिसायला साधा आहे. पण विचार कोणी करायचा, कोणते कागद समोर ठेवून करायचा, कोणाशी तुलना करून करायचा, कधी करायचा आणि नाकारल्यावर कारण सांगायचं की नाही, असे पाच-सहा प्रश्न त्याच्या पोटात आहेत. प्रत्येक प्रश्नावर निवाड्यांची एकेक चळत उभी आहे.

ही चळत फार जुनी नाही. आपल्याकडे पूर्वी पद वारशाने यायचं. पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी ही वतनं होती, त्यांत बढतीचा प्रश्नच नव्हता. पगारी नोकरशाहीची उतरंड इंग्रजी अमलात रुजली. 1833 च्या सनदी कायद्याने धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांमुळे कोणालाही पद नाकारलं जाणार नाही, असं कागदावर लिहिलं. प्रत्यक्षात वरच्या जागांची दारं एतद्देशीयांना बंदच होती आणि दादाभाई नौरोजींच्या पिढीने त्याविरुद्ध अर्जविनंत्यांची आणि आकडेवारीची लढाई दिली. ती लढाई न्यायालयात मात्र लढता येत नव्हती. सरकारी नोकर राजसत्तेच्या मर्जीवर नोकरीत होता. मर्जीला नियमांची जोड असली, तरी नियम मोडल्याबद्दल दावा लावण्याचा अधिकार नोकराला नाही, असं त्या काळी शेवटचं अपील ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने 1937 च्या सुमारास स्पष्ट सांगितलं होतं.

राज्यघटनेने ही मर्जी पुसून टाकली नाही. अनुच्छेद 310 मध्ये ती अजून आहे. पण तिच्या भोवती कुंपण घातलं गेलं : सेवाशर्तींचे नियम करण्यासाठी अनुच्छेद 309, बडतर्फीपासून संरक्षणासाठी 311, समानतेसाठी 14 आणि 16, आणि दाद मागण्यासाठी उच्च न्यायालयाचा रिट अधिकार. कुंपणाला फाटक मिळाल्यावर गर्दी झाली. उच्च न्यायालयांत सेवाविषयक याचिकांचे ढीग साचले. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 323-अ आणला आणि 1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाने वेगळी यंत्रणा उभी केली. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी त्याच वर्षी ‘कॅट’ सुरू झालं. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘मॅट’, जुलै 1991 मध्ये आलं. त्याची पीठं मुंबई, नागपूर आणि तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, इथे आहेत. न्यायिक सदस्याबरोबर प्रशासकीय सदस्य बसवण्यामागे कल्पना अशी, की फाइल कशी चालते हे ठाऊक असलेला माणूसही निवाड्यात असावा. या न्यायाधिकरणांवर उच्च न्यायालयाची देखरेख नको, अशी मूळ योजना होती. 1997 च्या एल. चंद्र कुमार निर्णयाने ती मोडीत काढली. आज मॅटच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येतं.

नवख्या माणसाचं घोडं बरेचदा पहिल्याच पायरीवर अडतं : जायचं कुठे? राज्य शासनाचा कर्मचारी मॅटमध्ये जातो. जिल्हा परिषदेचा कर्मचारी तिथे जाऊ शकत नाही, त्याला शेवटी उच्च न्यायालय गाठावं लागतं. एसटीसारख्या महामंडळातला कामगार 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली पक्षपाताची तक्रार घेऊन औद्योगिक न्यायालयात जातो. खासगी शाळेतल्या शिक्षकासाठी 1977 चा कायदा आहे. त्याच्या कलम 9 मध्ये बडतर्फी आणि पदावनतीच्या बरोबरीने ‘पदोन्नतीत डावलणे’ हेही अपिलाचं कारण म्हणून नोंदलेलं आहे, आणि अपिलाची मुदत फक्त 30 दिवस आहे. अन्याय एकाच जातीचा, पण चुकीच्या दारावर दोन वर्षं थांबलेला माणूस बरोबर दारावर पोचेपर्यंत त्याची मुदत निघून गेलेली असते.

या क्षेत्रात मुख्यतः चार प्रवाह आहेत, आणि त्यांतला पहिला, ज्येष्ठतेचा, जवळजवळ महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. आपल्या उपअभियंत्यांमध्ये सरळसेवेने, म्हणजे थेट भरतीने, आलेले आणि खालून बढती मिळालेले असे दोन गट होते. कोण ज्येष्ठ, यावर त्यांच्यात दीर्घकाळ लढाई चालली. 1977 च्या पटवर्धन निकालात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी वर्मावर बोट ठेवलं : नोकरीत कायम होणं हे सरकारच्या सोयीवर आणि नशिबावर अवलंबून असतं, मग ज्येष्ठता त्यावर कशी टांगायची? 1990 मध्ये महाराष्ट्राच्याच सरळसेवा अभियंत्यांच्या संघटनेच्या प्रकरणात घटनापीठाने नियम पक्का केला. नेमणूक नियमानुसार झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या दिवसापासून धरायची, कायम झाल्याच्या दिवसापासून नाही. नियम डावलून केलेली तात्पुरती सोय मात्र ज्येष्ठतेत मोजायची नाही. देशभरातल्या सेवाप्रकरणांत आजही हा निकाल पहिल्या पानावर येतो. तो आपल्या सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतल्या भांडणातून निघाला, हे तो उद्धृत करणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं.

दुसरा प्रवाह गुणवत्तेचा. वरच्या पदांवर केवळ ज्येष्ठता चालणार नाही, हे 1967 च्या संत राम शर्मा प्रकरणापासून मान्य आहे. पण गुणवत्ता मोजायची कशाने? गोपनीय अहवालाने, म्हणजे ‘सीआर’ने. इथे गंमत अशी की प्रतिकूल शेरा कळवण्याचं बंधन होतं, बरा शेरा कळवण्याचं नव्हतं. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतल्या देव दत्त या अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता आणि पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता. ‘चांगला’ म्हटल्यामुळेच तो मागे पडला, आणि तो शेरा त्याला कोणी दाखवलाही नव्हता. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे. 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. गोपनीय अहवालातली गोपनीयता त्या दिवशी कर्मचाऱ्यापुरती संपली. कागदोपत्री तरी संपली. मार्च उलटून कितीतरी महिने झाले तरी अहवाल लिहिलाच गेलेला नाही, आणि लिहिणारे साहेब बदलून गेले किंवा निवृत्त झाले, ही कहाणी अजून जुनी झालेली नाही.

तिसरा प्रवाह बंद पाकिटाचा. विभागीय चौकशी चालू असलेल्या कर्मचाऱ्याचा पदोन्नतीसाठी विचार करायचा, पण पदोन्नती समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवायचा आणि निर्दोष सुटल्यावर पाकीट उघडायचं, अशी ही पद्धत. हेतू चांगला होता. पण कुजबुज झाली की पाकीट बंद, निनावी तक्रार आली की पाकीट बंद, असं होऊ लागलं. 1991 च्या जानकीरामन निकालाने रेघ आखली. दोषारोपपत्र किंवा फौजदारी खटल्यातलं आरोपपत्र बजावलं गेलं असेल, तरच पाकीट. नुसती प्राथमिक चौकशी पुरेशी नाही. त्याच निकालात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. ज्याला काम करायचं होतं, पण सरकारनेच ते करू दिलं नाही, त्याला ‘काम नाही तर दाम नाही’ हे सूत्र सरसकट ऐकवता येणार नाही.

चौथा प्रवाह सर्वांत खोल आणि सर्वांत गढूळ : पदोन्नतीतलं आरक्षण. 1961 च्या रंगाचारी निकालाने त्याला मान्यता दिली. 1992 च्या इंद्रा साहनी निकालाने ती काढून घेतली. 1995 च्या सत्त्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी अनुच्छेद 16(4-अ) आला, आणि 2001 च्या पंच्याऐंशीव्या दुरुस्तीने आरक्षणातून बढती मिळालेल्यांची ज्येष्ठताही राखली. 2006 च्या नागराज निकालाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या, पण सरकारने आकडेवारी गोळा करून दाखवावी, अशी अट घातली. 2018 आणि 2022 च्या जर्नेल सिंग निर्णयांनी ती अट काही अंगांनी सैल आणि काही अंगांनी नेमकी केली : अनुसूचित जाती-जमातींचं मागासलेपण पुन्हा सिद्ध करायला नको, पण प्रतिनिधित्व अपुरं आहे की नाही हे प्रत्येक संवर्गाप्रमाणे मोजायला हवं.

महाराष्ट्रात 25 मे 2004 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत एकूण 33 टक्के आरक्षण होतं आणि त्यात विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गही होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये तो शासन निर्णय रद्द ठरवला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मग 7 मे 2021 चा शासन निर्णय आला. पदोन्नतीच्या सर्व जागा 25 मे 2004 रोजीच्या ज्येष्ठतेवर, न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून भरायच्या, असं त्यात ठरलं. तेव्हापासून हजेरीपटावर शेजारी शेजारी नाव असलेली दोन माणसं एकाच शासन निर्णयाकडे बघतात. एकाला वाटतं, आपल्या पिढ्यांनी मिळवलेलं हिरावलं गेलं. दुसऱ्याला वाटतं, आपली वाट बघण्याची वर्षं आता कुठे मोजली गेली. दोघंही आपापल्या परीने अनुच्छेद 16 चंच नाव घेतात. प्रस्तावना लिहिणाऱ्याने इथे निवाडा देऊ नये. एवढं मात्र म्हणावं, की आकडेवारी वेळेवर गोळा करण्याचं काम सरकारचं होतं, आणि ते न केल्याची किंमत दोन्ही बाजूंचे कर्मचारी मोजतात.

या चार प्रवाहांखेरीज काही झरेही आहेत. भारतीय परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांना वरच्या श्रेणीतली बढती नाकारली गेली तेव्हा त्यांनी सेवानियमांवरच बोट ठेवलं. स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असं त्या नियमांत होतं. 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांचे वाभाडे काढले. खटला चालू असतानाच सरकारने बाईंना बढती देऊन टाकली होती, हेही या क्षेत्राला साजेसंच. 2021 मध्ये केरळच्या लीसम्मा जोसेफ प्रकरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांचा पदोन्नतीतल्या आरक्षणाचा हक्क मान्य झाला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1983 चा रंगय्या निकाल मोडीत काढला. जागा जुनी असली की नियमही जुनेच लागतात, ही चाळीस वर्षांची समजूत त्याने संपवली. त्यामुळे सेवाप्रवेश नियम बदलत असताना गप्प बसणं आता पूर्वीपेक्षा महागात पडू शकतं.

गप्प बसण्याविषयी थोडं अधिक बोलायला हवं, कारण या क्षेत्रात मुद्द्यावर हरणारे जेवढे, तेवढेच मुदतीवर हरणारे. आपल्याकडे म्हण आहे, सरकारी काम अन् सहा महिने थांब. 1985 च्या अधिनियमाने ही म्हण जणू कलमातच घालून ठेवली आहे. कर्मचाऱ्याने रीतसर निवेदन किंवा अपील केलं आणि सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या एका वर्षात न्यायाधिकरणात यायचं. उत्तर आलं तर त्या दिवसापासून एक वर्ष. आपला माणूस मात्र निवेदनावर निवेदन देत राहतो. साहेबांना भेटतो, साहेब ‘बघू’ म्हणतात. 1974 साली तमिळनाडूतल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं, की कनिष्ठाला आपल्या डोक्यावर बसवल्याची तक्रार सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात करावी. तो अधिकारी चौदा वर्षांनी आला होता. मुद्दा नुसत्या आळसाचा नाही. पदोन्नतीच्या प्रकरणात सरकार आणि अर्जदार यांच्याखेरीज तिसरा पक्ष नेहमी असतो : ज्याला बढती मिळाली तो सहकारी. त्याने त्या पदावर दहा वर्षं काम केलं, कर्ज काढलं, मुलांची शिक्षणं केली. रांगेत एकाला पुढे घ्यायचं तर दुसऱ्याला मागे सरकावं लागतं. म्हणून कायदा उशिराला इतका कडक आहे.

आणि जिंकल्यावर मिळतं काय? बहुधा ‘मानीव दिनांक’. कनिष्ठाला ज्या दिवशी बढती मिळाली, त्याच दिवशी तुम्हालाही मिळाली असं मानायचं. वेतननिश्चिती नव्याने होते, निवृत्तिवेतन थोडं वाढतं, थकबाकी मात्र अनेकदा नाकारली जाते. निकाल लागेपर्यंत कितीतरी जण निवृत्त झालेले असतात. ज्या खुर्चीसाठी भांडण, ती खुर्ची फक्त कागदावर मिळते. तरीही माणसं लढतात. त्या कागदावर ‘चूक आमची होती’ असं सरकारी भाषेत का होईना लिहिलेलं असतं, आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तेच असतं.

आज हा विषय अधिक निकडीचा झाला आहे. 1995 च्या कालबद्ध पदोन्नती योजनेने आणि पुढच्या आश्वासित प्रगती योजनांनी पगाराची कोंडी बरीच फोडली. 10, 20 आणि 30 वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळू लागली. पण श्रेणी वाढली तरी पद तेच राहतं, आणि पद तेच राहिल्याचं दुःख पगाराच्या चिठ्ठीने भरून निघत नाही. दुसरीकडे रिक्त जागा, अतिरिक्त कार्यभार आणि कंत्राटी भरती यांनी खालच्या पायऱ्या विरळ केल्या. चढायची शिडीच अरुंद होत गेली की प्रत्येक पायरीवरची धक्काबुक्की वाढते. माहिती अधिकाराने 2005 पासून फाइलचा दरवाजा किलकिला केला. आपल्या प्रकरणातली टिपणी आणि समितीचं इतिवृत्त मागणारे कर्मचारी वाढले. सहकाऱ्याचा गोपनीय अहवाल ही मात्र त्याची खासगी माहिती, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटलं. तुलनेने डावललेल्या माणसाला तुलनेची दुसरी बाजू सहज दिसत नाही, हा पेच अजून सुटलेला नाही.

मराठीत या विषयावर नियमपुस्तिका आहेत, शासन निर्णयांची संकलनं आहेत. त्यांतून कलम सापडतं, समज येत नाही. निवाडे बहुतेक इंग्रजीत असतात. तलाठी, आरोग्यसेविका, कनिष्ठ अभियंता, पोलीस हवालदार यांच्यापर्यंत ते ‘मॅटमधून कोणीतरी ऑर्डर आणली’ एवढ्याच बातमीच्या रूपाने पोचतात. ही दरी बुजवणं हा या पुस्तकाचा खटाटोप आहे. लेखक निवाड्याचं सूत्र सांगण्याआधी त्यामागचं भांडण सांगतो, आणि कोणत्या टप्प्यावर कोणता कागद हवा होता ते दाखवतो. ज्येष्ठता सूचीवर हरकत घेण्याचा दिवस, शेरा हाती पडल्याचा दिवस, निवेदनाची पोच : खटला या तारखांवर तरतो किंवा बुडतो, हे पुस्तकभर जाणवत राहतं. ‘हमखास जिंकण्याचे मार्ग’ इथे नाहीत. अनेक ठिकाणी लेखक सरळ सांगतो, की इथे भांडू नका, तुमच्यापेक्षा तो खरोखर सरस होता. वकिलाने असं लिहायला धैर्य लागतं.

एका बाबतीत माझं लेखकाशी जमत नाही. पुस्तक त्याने डावललेल्या कर्मचाऱ्याला आणि नव्या वकिलाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. माझ्या मते त्याचा पहिला वाचक आस्थापना शाखेतला लिपिक असायला हवा. ज्येष्ठता सूची त्याच्या टेबलावर तयार होते, आरक्षणाची बिंदुनामावली तो लिहितो, समितीपुढे जाणारा प्रस्ताव तो मांडतो, आणि कोणाचा अहवाल अपुरा आहे हे सर्वांत आधी त्याला दिसतं. 40 क्रमांकाच्या माणसाला एका वर्षाच्या शेऱ्यामुळे वगळलं असेल, तर तो शेरा त्याच वर्षी, सहीनिशी त्याच्या हातात पडायला हवा होता. तसं झालं असतं, तर आदेशाच्या दिवशी तो कदाचित नाराजच राहिला असता. पण यादी त्याला दुसऱ्यांदा वाचावी लागली नसती.